कॉम्प्युटर रूमच्या दारातली जादा जोडी

आधीच सांगून टाकते, या सदरातल्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक आहे. माझी मुलगी मोठ्यानं वाचून दाखवते आणि मी मध्येच थांबवून विचारते, "लाइट होते का त्या वेळी? आणखी कुणी पाहिलं? जेवले होते का हे गृहस्थ?" जन्मभर प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम केलं, त्यामुळे कुणी 'आपोआप झालं' म्हटलं की माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नाही. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं आणि आता ते कबूल करत नाही, एवढंच असतं.

तरीही लिहायला बसले आहे. मुलगी म्हणाली, "आई, तुझी ती चपलांची गोष्ट पाठव ना." मी म्हटलं, ती काही भुताची गोष्ट नाही. "मग कसली आहे?" असं तिनं विचारलं आणि कागद-पेन समोर आणून ठेवलं.

काळ ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा. आयटी हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या तोंडात नव्हता. मी मुंबईतल्या एका मोठ्या कन्सल्टन्सी कंपनीत प्रोग्रॅमर होते. मोठी म्हणजे खरंच मोठी. तिथं प्रत्येक गोष्टीला नियम आणि प्रत्येक नियमाला कोड. आठवड्याचा प्रत्येक तास कशात गेला, ते टाइमशीटमध्ये कोड घालून लिहायचं. कॅन्टीनमध्ये आम्ही म्हणायचो, इथं कुणी रडलं तरी त्याचा कोड शोधावा लागेल. पण खोटं कशाला बोलू, मला माझी कंपनी फार आवडायची. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीच्या हातात तिनं सुटकेस दिली आणि 'जा, साइट सांभाळ' म्हणाली. त्या काळात हे काही थोडं नव्हतं.

माझी पहिली साइट म्हणजे उमरगा तालुक्यातला एक सहकारी साखर कारखाना. जिल्हा तेव्हाचा उस्मानाबाद. कारखान्याचं नाव सांगत नाही. सभासदांच्या उसाची नोंद, तोडणीचा क्रम, कामगारांचे पगार हे सगळं कॉम्प्युटरवर आणायचं, असं काम होतं. आम्ही दोघंच होतो, मी आणि माझे टीम लीडर सबनीस सर. सर म्हणजे टाय घालून उन्हाळा काढणारा माणूस. जेवणात मीठ कमी पडलं तरी "हे आधी स्पेसिफिकेशनमध्ये होतं का?" असं विचारायचे. त्यांच्या पाठीमागे मी त्यांची नक्कल करायचे आणि त्यांना ते ठाऊक होतं, असं आता वाटतं.

वर्ष दुष्काळाचं. ऊस वाळलेला, बराचसा जनावरांच्या छावणीला चारा म्हणून गेलेला. गळीत हंगाम लवकर आटोपला आणि कारखाना गप्प पडला. आवारात दिवसभर एकच आवाज ऐकू यायचा, आमच्या एसीचा. जुन्या रेकॉर्डच्या खोलीला रंग मारून कॉम्प्युटर रूम केली होती. समोर शहाबादी फरशीची लांब पडवी आणि दाराशी पाटी, 'चपला बाहेर काढाव्यात'. त्या काळी हे सगळीकडेच होतं. धूळ आत गेली की डिस्क खराब होईल, याची कंपनीला फार धास्ती. पण त्या पाटीचा गावांमध्ये भलताच परिणाम झाला. चपला काढून जायचं, आत गार, अंधूक, एकसारखी घरघर... लोक देवळात आल्यासारखे यायचे. सभासद शेतकरी हात जोडायचे. एका आजोबांनी तर मशीनसमोर उभं राहून विचारलं होतं, "देवा, यंदा तरी पडंल का?" सरांनी त्यांना गंभीरपणे समजावलं की पाऊस हे मॉड्यूल आपल्याकडे नाही.

आमच्या त्या खोलीची झाडलोट हौसाबाई करायच्या. जळकोटकडच्या एका गावच्या, बौद्ध घरातल्या. पंचेचाळिशीच्या असतील. कारखान्याच्या चाळीत एका खोलीत मुलीबरोबर राहायच्या. कपाळाला छोटं कुंकू, गळ्यात काळी पोत. पहिल्या दिवशी माझा डबा उघडून त्यांनी आत पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्ये काय ताई, ह्येवड्यात तर आमच्या कोंबडीचं बी पोट भरत न्हाय." दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडून ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी येऊ लागली. मी नको म्हटलं तर रागवायच्या. मला रागवणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे बरं वाटायचं.

दाराशी स्टुलावर चाँदमामू बसायचे. कारखान्याचे शिपाई, पांढरी दाढी, तोंडात पान. त्यांना मामू सगळेच म्हणायचे, चेअरमनसुद्धा.

हौसाबाईंची गोष्ट मला मामूंनीच सांगितली. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचे यजमान, लिंबाजी, खडी फोडायच्या कामावर होते. ते काम बंद पडलं तेव्हा 'खाली पाण्याच्या मुलखात ऊस तोडायला जातो' म्हणून एका ट्रकमध्ये बसून गेले. परत आले नाहीत. पत्र नाही, निरोप नाही, मेल्याची खबर नाही. मुलगी सुजाता तेव्हा पाच वर्षांची. त्या गोष्टीला बारा वर्षं उलटून गेली होती. हौसाबाई कुंकू लावायच्या, पण सणासुदीला सवाशिणींत बसायला लाजायच्या. विधवा म्हणून घ्यायला त्या तयार नव्हत्या आणि सवाशीण म्हणून घ्यायला बाकीच्या बायका.

आणि त्याच उन्हाळ्यात सुजाताचं लग्न ठरलं. मुलगा कळंबचा, शाळेत क्लार्क. माणसं चांगली. पण पत्रिका छापायची वेळ आली आणि प्रश्न उभा राहिला. बौद्ध समाजात वारलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लिहितात. आता मुलीच्या बापाच्या नावाआधी तो शब्द लिहायचा की नाही? मुलाकडच्यांनी साधंच विचारलं होतं. असले तर कुठं आहेत सांगा, नसले तर तसं लिहा. दीर म्हणत होते, लिहून टाक वहिनी, किती दिवस वाट बघणार?

एका दुपारी हौसाबाई फडकं हातात घेऊन माझ्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. "ताई, येक इचारू? तुमचं ह्ये मशीन सांगंल का, मानूस हाय का न्हाय ते?"

मी म्हटलं, "नाही हो हौसाबाई. आपण जे आत घालू, तेवढंच त्याला कळतं."

"मंग त्याच्यात आन् माज्यात काय फरक," म्हणाल्या आणि टेबल पुसायला लागल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

दोन दिवसांनी त्यांनी पत्रिकेचा मजकूर माझ्याकडे दिला. दिरानं लिहिलेला. मी तो सुवाच्य अक्षरात उतरवायचा आणि उमरग्याला जाईन तेव्हा प्रेसमध्ये द्यायचा. नावाआधी 'कालकथित' होतं. मी वर पाहिलं तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "लिवा तसंच," म्हणाल्या. "एकदा लिवलं की मंग कुंकू बी पुसायचं. दोन्ही संगंच करते." मग लग्नाची बोलणी पुरी करायला सुजाताला घेऊन त्या रजेवर कळंबला गेल्या.

त्या रजेवर असताना हे सुरू झालं.

संध्याकाळी आम्ही रूम बंद करून बाहेर आलो. माझ्या सँडल, सरांचे बूट, मामूंच्या चपला... आणि आणखी एक जोडी. टायरच्या तळव्याच्या जाड वहाणा, खेड्यात असतात तशा. दाराकडे टोकं करून व्यवस्थित काढून ठेवलेल्या. मामू म्हणाले, "कोणी शेतकरी इसरून गेला जी."

मला तिथंच ते खटकलं. मे महिना होता. त्या आवारातली माती दुपारी अशी तापायची की कुत्री सावली सोडायची नाहीत. त्या जमिनीवरून माणूस पाकीट विसरून जाईल, चपला विसरून जाणार नाही. सर म्हणाले, उद्या येईल न्यायला. सकाळी वहाणा नव्हत्या. आलाच असेल, असं आम्ही धरून चाललो.

संध्याकाळी त्या परत तिथं होत्या.

या वेळी मी वाकून पाहिलं. तळव्याला चिखल होता. ओला. मी बोट लावलं, तर गार आणि चिकट, काळ्या रानातला चिखल. त्यात गवताचं एक हिरवं पातं अडकलं होतं. ज्यांनी दुष्काळातला मराठवाडा पाहिलेला नाही, त्यांना यात काय विशेष, असं वाटेल. त्या मे महिन्यात मी कितीतरी दिवस हिरवं काही पाहिलं नव्हतं. कारखान्याचं तळं तडकून पडलं होतं. पिण्याचं पाणी टँकरनं यायचं आणि टँकरखाली सांडलेलं पाणी गोळा करायला बायका फडकी घेऊन बसायच्या. तिथं चिखल होईलच कसा? झाला असता तरी तिथं मुरूम होता, काळी माती नव्हती.

सरांना भूतबीत काही सुचलं नाही. त्यांना सुचली ती आर्द्रता. कॉम्प्युटर रूमच्या दाराशी ओला चिखल म्हणजे कंपनीच्या नियमांचा भंग. मग आमच्या कंपनीची माणसं जे करतात तेच आम्ही केलं, सिस्टिम बसवली. देवळाबाहेर चपला सांभाळणारे बिल्ला देतात ना, तशी. कॅन्टीनचे पत्र्याचे बिल्ले आणले. येणाऱ्यानं चपला काढल्या की मामू एक बिल्ला माणसाला देणार, त्याच नंबरचा दुसरा चपलेला अडकवणार. जाताना जुळवून परत. सरांनी मामूंना सगळं दोनदा समजावलं. "जेवढं इनपुट, तेवढं आउटपुट. शेवटी टॅली झालं पाहिजे." मामू पान चघळत म्हणाले, "होना साब, टॅली होना."

संध्याकाळी सगळे बिल्ले जुळले. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. आणि दाराशी ती जोडी होती, बिल्ल्याशिवाय.

सर मामूंवर चिडले. मामूंनी कानाला हात लावला. "अल्ला कसम साब, मैं हिताच बैठा था. पान थुकने को बी नै उठ्या. कायकू झूट बोलू?" म्हातारा खरंच दुखावला होता. मला वाईट वाटलं, कारण मामू झोपा काढायचे पण खोटं बोलायचे नाहीत, आणि झोप काढली तर तीही कबूल करायचे.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः पडवीत खुर्ची टाकली. टाय घालून, मांडीवर वर्तमानपत्र घेऊन, ते दुपारभर चपलांची राखण करत बसले. एवढ्या मोठ्या कंपनीचा टीम लीडर! मी आतून काचेतून बघत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. चार वाजता मी चहा घेऊन बाहेर गेले. सर म्हणाले, "काही नाही. कुणी आलं नाही." मी त्यांच्या पायांकडे बघून म्हटलं, "सर..." त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, दाराकडे टोकं करून, वहाणा होत्या. फरशीवर त्यांच्याखाली ओल उतरत होती.

सरांनी चहा घेतला नाही. वर्तमानपत्राची नीट घडी घातली. मग म्हणाले, "टाइमशीटमध्ये हे कुठल्या कोडखाली टाकायचं?" आणि त्या माणसाला मी ओळखत असल्यामुळे मला कळलं की ते विनोद करत नाहीत. त्यांनी आठवड्याच्या रिपोर्टमध्ये खरंच एक ओळ लिहिली, साइटवर अनोळखी पादत्राणे आढळत आहेत. हेड ऑफिसचा टेलेक्स आला, 'कृपया हटवावीत.' हटवायचं कुणी, हा प्रश्न होता. मामू हात लावायला तयार नव्हते. सर म्हणायचे, दुसऱ्याची वस्तू आहे. मी... खरं सांगायचं तर मला भीती वाटत नव्हती. पण हात लावावासा वाटला नाही. त्या इतक्या नीट काढून ठेवलेल्या असायच्या. आत जाण्याआधी माणूस जरा संकोचून उभा राहावा, तसं काहीतरी त्यांच्याकडे बघून वाटायचं.

हौसाबाई रजेवरून आल्या तेव्हा दुपार होती. वहाणा त्या दिवशी लवकरच येऊन बसल्या होत्या. मी आत प्रिंटआउटमध्ये बुडालेले. काचेतून त्यांना पडवीत येताना पाहिलं आणि दार उघडून म्हटलं, "हौसाबाई, आलात? बरं झालं. तेवढा तो चिखल पुसून घ्या हो, सरांचा जीव खालीवर होतोय."

त्या फडकं घेऊन वाकल्या. वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या.

मला आधी वाटलं कंबर धरली. मी बाहेर आले. त्यांनी एका वहाणेच्या पट्ट्यावर बोट ठेवलं होतं. पट्टा तुटलेला होता आणि कापडाची वळी करून दाभणानं शिवलेला होता. लुगड्याच्या काठाचं कापड. मळून काळं पडलेलं, पण मधे हिरव्या रेघांचा काठ दिसत होता. मी इतक्या वेळा त्या वहाणा पाहिल्या होत्या, तो काठ मला दिसला नव्हता.

"ह्यो म्या शिवलाय," हौसाबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "ते निगाले त्या दिशी सकाळी. ट्रक थांबला व्हता, ड्रायवर हारन वाजवीत व्हता. म्या म्हनलं थांबा, असं तुटक्या पायतानानं जायाचं न्हाय."

मी म्हटलं, "हौसाबाई, असे काठ पुष्कळ असतात." मी असंच म्हणणार, माझा स्वभावच तो.

"असत्यात की," त्या म्हणाल्या. "पर टाका माजा हाय."

मामू स्टुलावरून उठून उभे राहिले. सर दारात आले होते. हौसाबाईंनी आपल्या चपला काढल्या आणि त्या वहाणांच्या शेजारी, अगदी चिकटून ठेवल्या. मग माठातलं एक तांब्या पाणी आणून तिथं ठेवलं. बाहेरून आलेल्या माणसाला ठेवतात तसं. पाणी किती मोलाचं होतं, ते मी वर सांगितलंच आहे. आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. "तुमी तुमचं काम करा, ताई," म्हणाल्या. "आज म्या बसते हितं."

आम्ही आत गेलो, पण काम कसलं होतंय! मी स्क्रीनवरची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. ती बाई मला इतकी जवळची झाली होती आणि तिच्यासाठी मला करता येण्यासारखं काहीच नव्हतं. सर उगाचच फाइल उघडून बसले होते.

मग लाइट गेले. एसी थांबला. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो थांबल्यावर कानात दडे बसल्यासारखं झालं. जनरेटर चालू करायला सांगावं म्हणून सर आणि मी बाहेर आलो.

हौसाबाई तशाच बसल्या होत्या, डोळे मिटून. मामू स्टुलावर, चेहरा ओंजळीत धरून. शेजारी हौसाबाईंच्या चपला होत्या. वहाणा नव्हत्या. तांब्या रिकामा होता. आणि फरशीवर ओल्या चिखलाचे ठसे होते, दारापासून पडवीच्या पायरीपर्यंत, बाहेर जाणारे. पायरीखालच्या तापलेल्या मातीवर काहीच नव्हतं.

सरांनीच विचारलं, फार हळू, "बाई, तुम्ही पाहिलंत का?"

त्यांनी डोळे उघडले. "न्हाय साहेब. म्या डोळे मिटून घेतले व्हते. बगितलं असतं तर जाऊ दिलं नसतं."

मामू रडत होते. त्यांनी काय पाहिलं, काही पाहिलं की नाही, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी पुढे किती वेळा विचारलं. ते नुसतं म्हणायचे, "जाने दो बेटा."

मी वेड्यासारखी गेटपर्यंत धावत गेले. अनवाणी. पाय चांगलेच पोळले. वॉचमन म्हणाला, दुपारपासून गेटातून कुणी आत आलेलं नाही, कुणी बाहेर गेलेलं नाही. परत आले तोवर ठसे वाळायला लागले होते. हौसाबाई फडक्यानं ते पुसत होत्या. त्यांचं ते कामच होतं. मी थांबवायला गेले आणि थांबले.

पुसून झाल्यावर त्या उठल्या. "ताई, ती पत्रिका तुमच्याकडं हाय न्हवं?"

माझ्या पर्समध्येच होती. सुवाच्य अक्षरात लिहून तयार. बाजाराच्या दिवशी उमरग्याला नेणार होते.

"त्यो शबुद काडून टाका."

मी म्हटलं, "हौसाबाई, दीर काय म्हणतील? कळंबची माणसं काय म्हणतील?" मला त्यांची काळजी होती. लग्न मोडलं तर?

"काय म्हनायचं त्ये म्हनू द्या. इतकी वर्सं मला काय बी म्हाईत न्हवतं. आज येवडं कळलं." त्यांनी हातातलं चिखलाचं फडकं मला दाखवलं. "मेलेल्या मानसाच्या पायाला वला चिकूल लागत न्हाय, ताई. कुटं तरी पान्यात हुबा हाय मानूस."

माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. की याला पुरावा म्हणत नाहीत, की यातून असा निष्कर्ष निघत नाही. पण सर माझ्याआधी पुढे झाले. खिशातलं पेन काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. मी पडवीत उभ्यानंच तो शब्द खोडला.

उमरग्याच्या प्रेसमध्ये मी आणि सर दोघं गेलो. प्रेसवाल्यापर्यंत दिराचा निरोप आधीच पोचला होता. तो म्हणाला, "मॅडम, मुलीचे चुलते तर वेगळंच सांगून गेले." सबनीस सर, जे कधी क्लायंटशी आवाज चढवत नसत, त्याला म्हणाले, "आईनं मजकूर मंजूर केलेला आहे. तुम्ही छापा." कळंबच्या मंडळींचं म्हणाल तर, मुलाच्या वडिलांनी पत्रिका वाचली, बायकोच्या हातात दिली आणि म्हणाले, "बरं हाय की, व्याही आलेच तर आहेर काढून ठेवू." त्यांनी खरंच काढून ठेवला होता. धोतर आणि टोपी. मी लग्नाला होते, म्हणून सांगते. हौसाबाई त्या दिवशी मोठं कुंकू लावून मिरवत होत्या आणि मला वाढताना म्हणाल्या, "खा ताई, आता तरी अंगाला लागू द्या."

वहाणा पुन्हा दिसल्या नाहीत. सरांनी पुढच्या रिपोर्टमध्ये लिहिलं, 'विषय संपला.' पावसाळ्यानंतर माझी बदली दुसऱ्या साइटवर झाली.

आता तुम्ही विचारालच, म्हणून माझ्या परीनं सांगते. कुणी मुद्दाम केलं म्हणावं, तर तो काठ आणि तो टाका कुणाला माहीत असणार? दिराला तर उलट शब्द घालूनच हवा होता. लिंबाजी खरंच जिवंत होते आणि येऊन गेले, असं म्हणावं, तर मग सरांच्या खुर्चीशेजारून कसे? बिल्ले का जुळले? आणि त्या मे महिन्यात, त्या मुलखात, हिरवं पातं अडकलेला ओला चिखल कुठल्या रानातून आला? नंतर मोठमोठ्या कंपन्यांच्या सिस्टिम्स उभ्या केल्या, रात्र रात्र जागून चुका शोधल्या आणि सापडल्याही. ही चूक कुठं आहे, ते मला सापडलेलं नाही. चूक आहे की नाही, हेही आता नक्की सांगता येत नाही.

मागच्या वर्षी सुजाताच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. हौसाबाई गेल्याचं मला माहीत होतं, सुजातानं फोन केला होता. पत्रिकेत आजी-आजोबांची नावं होती, 'कालकथित हौसाबाई आणि श्री. लिंबाजी यांची नात'. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. लिंबाजी आज असते तर नव्वदीला टेकले असते.

मी सुजाताला फोन लावला. म्हटलं, "अगं, आता तरी..."

"मावशी," ती म्हणाली, "आई माज्या मांडीवर गेली, म्हणून तिच्या नावाआधी लिवलं. वडलांना जाताना कुणी बगितलंय?"

मी पत्रिकेवरची तारीख पाहिली. ती म्हणाली, "त्यांचा आहेर काढून ठेवलाय. तुमी दोन दिवस आधी या."

मी तीन दिवस आधी गेले.